वाचकांचे प्रश्न : गणवेश, शिस्त आणि समलिंगी सैनिक

गेल्या महिन्यात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ संबंधीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना या सदरात ओघाने असे लिहिले होते की, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने सामान्य नागरिकाला दिलेली मोकळीक गणवेशातल्या माणसापर्यंत पुरती पोहोचलेली नाही. त्या एका वाक्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच द्यावे लागत आहे. पहाटे कळव्याच्या किंवा कोपरखैरण्याच्या मैदानावर गेले तर भरतीची तयारी करणारी मुले धावताना दिसतात, निवृत्त जवानांची घरेही या पट्ट्यात थोडी नाहीत. त्यामुळे पत्रांच्या संख्येचे नवल वाटले नाही. बहुतेकांनी नाव छापू नये असे कळवले आहे, म्हणून केवळ राहण्याचे ठिकाण दिले आहे.

प्रश्न : माझा मुलगा पदवीच्या शेवटच्या वर्षाला असून सैन्यात अधिकारी होण्यासाठीच्या सीडीएस परीक्षेची तयारी करतो आहे. आपण समलिंगी असल्याचे त्याने गणपतीच्या सुट्टीत आम्हाला सांगितले. आम्ही जड मनाने का होईना, पण ऐकून घेतले. माझे भाऊ म्हणतात, ‘सैन्यात जाऊ दे, आपोआप सुधारेल.’ यजमान म्हणतात, तिथे कळले तर नोकरीही जाईल आणि बदनामीही होईल. त्याने अर्ज भरावा का? (एक आई, नेरूळ)

उत्तर : ताई, प्रथम आपल्या बंधूंच्या अपेक्षेविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली, भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये तेच जाहीरपणे सांगितले, आणि समलिंगी व्यक्तीला ‘बदलण्याचे’ उपचार करणे हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरेल असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळवले. जे डॉक्टरांनाही करण्यास मनाई आहे, ते काम कवायतीचा उस्ताद करील अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

आता अर्जाविषयी. लष्कराच्या १९५० च्या कायद्यात समलिंगी व्यक्तीला भरती करू नये असे कोणतेही कलम नाही, आणि सीडीएसच्या अर्जात लैंगिक कल विचारणारा रकानाही नाही. त्यामुळे आपल्या मुलाने अर्ज भरला, परीक्षा दिली आणि एसएसबीच्या, म्हणजे अधिकारी निवड मंडळाच्या, मुलाखतीला तो गेला, तर त्यात तो कोणतीही माहिती दडवत नाही. अडचण त्यानंतरची आहे. नोकरीत असताना हे उघड झाल्यास त्याला संरक्षण देणारा लेखी नियमही आपल्याकडे नाही. तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपीन रावत यांनी जानेवारी २०१९ च्या वार्षिक पत्रकार परिषदेत, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अवघ्या चार महिन्यांनी, स्पष्टपणे सांगितले होते की लष्कर रूढीप्रिय आहे, तेथे या गोष्टी मान्य होणार नाहीत आणि लष्कराच्या कायद्यातील कलमांनुसारच त्या हाताळल्या जातील.

म्हणजे आजच्या घडीला तो अधिकारी होऊ शकतो, पण उघडपणे समलिंगी अधिकारी म्हणून नोकरी करणे त्याच्यासाठी सुरक्षित नाही. याची झळ दररोजच्या साध्या गोष्टींत बसते. अधिकाऱ्यांचे सामाजिक जीवन कुटुंबाभोवती फिरते. मेसमधील समारंभ, पलटणीचा वर्धापनदिन, पत्नींच्या कल्याण संघटनेचे कार्यक्रम, या सगळ्यांत तिशी ओलांडलेल्या अविवाहित कॅप्टनला ‘लाडू कधी?’ हा प्रश्न चुकत नाही. हे ओझे घेऊन नोकरी करायची की नाही हे त्यालाच ठरवू द्यावे, कारण तो सज्ञान आहे आणि ते ओझे त्यालाच वाहायचे आहे. आपल्याकडून त्याला दोन गोष्टी सांगितल्या जाव्यात. खासगी संदेश आणि छायाचित्रे कधीही चौकशीच्या कागदपत्रांत जाऊ शकतात, याचे भान त्याने ठेवावे. आणि तशी वेळ आलीच, तर दडपणाखाली राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी त्याने वकिलाला गाठावे. सैनिकांच्या सेवाविषयक तक्रारींसाठी २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईतच आहे.

प्रश्न : मी पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आहे. न्यायालयात बसून निकाल देणे सोपे असते. एका बराकीत चाळीस माणसे झोपतात, एका बंकरमध्ये तिघे-चौघे महिनोन्महिने राहतात. तेथे असले प्रकार सुरू झाले तर शिस्त राहील का? आणि साहेबच तसा असल्याचे कळले तर जवान त्याच्यामागे गोळीबारात जाईल का? (निवृत्त सुभेदार, कोपरी, ठाणे पूर्व)

उत्तर : सुभेदारसाहेब, आपल्या पत्रात दोन आक्षेप आहेत आणि त्यांची उत्तरे निरनिराळी आहेत. एकत्र राहणाऱ्या माणसांत शारीरिक संबंध निर्माण झाले तर तुकडीची घडी विस्कटेल, हा पहिला. समलिंगी अधिकाऱ्याचा हुकूम जवान मनापासून मानणार नाहीत, हा दुसरा.

पहिला आक्षेप रास्त आहे, मात्र तो माणसाच्या वर्तनावरचा आक्षेप आहे. ब्रिटनने हाच फरक मान्य करून आपला नियम बदलला. तेथे १९९९ पर्यंत समलिंगी असल्याच्या संशयावरून लष्करी पोलीस खोल्यांची झडती घेत, खासगी पत्रे वाचत आणि त्या माणसाला नोकरीतून काढले जाई. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने सप्टेंबर १९९९ मध्ये ही पद्धत बेकायदा ठरवली आणि १२ जानेवारी २००० रोजी बंदी उठली. तिच्या जागी जी आचारसंहिता आली, तिचा गाभा एका प्रश्नात सामावतो : या व्यक्तीच्या वागण्याने तुकडीच्या कार्यक्षमतेला बाधा आली आहे का, किंवा येण्याचा संभव आहे का? हाताखालच्या माणसाशी संबंध ठेवणारा अधिकारी, नको असलेली सलगी करणारा हवालदार, सहकाऱ्याच्या संसारात ढवळाढवळ करणारा कॅप्टन, हे सारे त्याच कसोटीवर तपासले जातात, मग समोरची व्यक्ती पुरुष असो की स्त्री. आपल्या लष्करालाही ही कल्पना परकी नाही. सहकारी अधिकाऱ्याच्या पत्नीशी संबंध ठेवल्याबद्दल अधिकाऱ्यांची कोर्ट मार्शल झालेली आपण नोकरीत असताना ऐकली असतीलच. त्यावरून विवाहित पुरुषांना बराकीत किंवा क्वार्टरमध्ये ठेवू नये असा निष्कर्ष कोणी काढला नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो जवानांच्या नावाने केला जातो. अगदी अलीकडे तो स्त्री अधिकाऱ्यांविषयी केला गेला होता. स्त्रियांना कायमस्वरूपी कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची अधिकारपदाची सेवा, देण्याच्या खटल्यात केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात असे मांडले होते की, जवान प्रामुख्याने ग्रामीण भागातून येतात आणि स्त्रीचे नेतृत्व स्वीकारण्याची त्यांची मानसिक तयारी अद्याप झालेली नाही. १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालाने तो युक्तिवाद फेटाळला, आणि २०२३ पासून स्त्री अधिकारी कर्नल म्हणून तुकड्यांची सूत्रे हाती घेऊ लागल्या. दोन्ही प्रश्न तंतोतंत सारखे आहेत असे माझे म्हणणे नाही. स्त्री अधिकारी कोण आहे हे पहिल्या दिवसापासून सर्वांना ठाऊक असते आणि तिच्यासाठी राहण्याची व्यवस्थाही स्वतंत्र असते. पण जवानाला न विचारता त्याच्या वतीने नकार कळवण्याची सवय दोन्हीकडे एकच आहे. साहेब लंगरमधले जेवण स्वतः चाखतो का, रजेचा अर्ज अडवतो का, गस्तीवर पुढे असतो की मागे, यावर जवान त्याला तोलतो, हे आपणच मला अधिक चांगले सांगू शकाल.

जेथे जवानांना खरोखर विचारले गेले, तेथील अनुभव पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने एक विचित्र तडजोड केली होती : वरिष्ठांनी विचारायचे नाही आणि सैनिकाने सांगायचे नाही, सांगितले तर घरी जायचे. या तडजोडीखाली १३ हजारांहून अधिक सैनिक काढले गेले, त्यांत अरबी जाणणारे दुभाषेही होते, आणि तेही अशा काळात जेव्हा इराकमध्ये त्यांची नितांत गरज होती. हा कायदा रद्द करण्यापूर्वी २०१० मध्ये संरक्षण खात्याने मोठी पाहणी केली. बदलाचा परिणाम चांगला होईल, संमिश्र होईल किंवा काहीच होणार नाही असे सुमारे ७० टक्के सैनिकांनी सांगितले. मरीन दलाच्या लढाऊ तुकड्यांत विरोध बराच जास्त होता. मात्र आपल्या तुकडीत समलिंगी सहकारी आहे असे ज्यांना वाटत होते आणि ज्यांनी त्याच्याबरोबर प्रत्यक्ष काम केले होते, त्यांच्यापैकी ९२ टक्के सैनिकांनी तुकडीचे काम बिघडल्याचे म्हटले नाही. स्नानगृहे आणि झोपण्याच्या जागा वेगळ्या कराव्यात का, याचाही त्या समितीने विचार केला आणि तसे करू नये असा सल्ला दिला. वेगळी व्यवस्था केल्याने भिंत उभी राहील, असा तिचा कौल होता.

या प्रकरणातील दोन सेनानींची वागणूक मला पाहणीच्या आकड्यांहून अधिक बोलकी वाटते. संयुक्त सेनाप्रमुखांचे अध्यक्ष ॲडमिरल माइक मलन यांनी फेब्रुवारी २०१० मध्ये सिनेटच्या समितीपुढे सांगितले की, देशबांधवांच्या रक्षणासाठी आलेल्या तरुणांना आपण कोण आहोत याविषयी खोटे बोलायला लावणारे धोरण आपल्याला अस्वस्थ करते. याउलट मरीन दलाचे प्रमुख जनरल जेम्स एमस यांनी बदलाला उघड विरोध केला. युद्धात लक्ष विचलित झाले तर माणसे मरतात, असे त्यांचे म्हणणे होते. पण कायदा बदलताच त्याच एमस यांनी अंमलबजावणीची जबाबदारी स्वतः पुढे होऊन घेतली, आणि सप्टेंबर २०११ मध्ये बंदी उठल्यावर दोनच महिन्यांनी, बदल सुरळीत पार पडल्याबद्दल आपण समाधानी आहोत असे सांगितले. मत विरोधी असताना हुकूम प्रामाणिकपणे बजावणे हीच सैनिकी शिस्त असेल, तर तिचा याहून चांगला दाखला सापडणे कठीण आहे.

आपल्या सैन्याची घडण वेगळी आहे, पलटणी प्रदेशांच्या परंपरांवर उभ्या आहेत आणि परदेशातला आदेश येथे जसाच्या तसा लागू होणार नाही, हे मान्यच आहे. परंतु कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाने १९९२ मध्ये व इस्रायलने १९९३ मध्ये बंदी उठवली तेव्हा तेथील सेनानींनाही अशीच भीती वाटत होती, आणि त्यांपैकी इस्रायलचे सैन्य तर सक्तीच्या भरतीचे व जवळजवळ सतत युद्धसज्ज असणारे आहे.

प्रश्न : मी विधी महाविद्यालयात शिकतो. नवतेज जोहर खटल्याच्या निकालानंतर लष्कराच्या कायद्यातील कलम ४६ आपोआप निष्प्रभ होत नाही का? (एक विद्यार्थी, ऐरोली)

उत्तर : आपोआप होत नाही. नवतेज जोहर खटल्यात ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी कलम ३७७ सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते घटनाबाह्य ठरवले. लष्कराच्या कायद्याला त्या खटल्यात आव्हानच नव्हते. कलम ४६ मध्ये ‘क्रूर, असभ्य किंवा अनैसर्गिक स्वरूपाच्या’ लाजिरवाण्या वर्तनाला ७ वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा आहे. शिवाय कलम ४५ मध्ये अधिकाऱ्याला न शोभणारे वर्तन आहे, कलम ६३ मध्ये सुव्यवस्था व शिस्तीचा भंग आहे, आणि कलम १९ खाली केंद्र सरकार प्रशासकीय मार्गाने सेवेतून दूर करू शकते. थोडक्यात, एक दार बंद झाले तरी आणखी तीन उघडी आहेत.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ ने संसदेला सैन्यदलांपुरते मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार दिला आहे. याचा उपयोग कसा होतो हे व्यभिचाराच्या प्रकरणात दिसले. २७ सप्टेंबर २०१८ रोजी व्यभिचाराचा गुन्हा रद्द झाला, त्यानंतर संरक्षण मंत्रालय सैन्याला वगळावे म्हणून न्यायालयात गेले, आणि ३१ जानेवारी २०२३ रोजी घटनापीठाने स्पष्ट केले की तो निकाल सैन्यदलांच्या कायद्यांशी संबंधित नव्हता. समलैंगिकतेच्या बाबतीतही सरकार हाच युक्तिवाद करू शकेल. माझ्या मते तो येथे लंगडा पडतो, कारण व्यभिचारात एका सहकाऱ्याचा विश्वासघात असू शकतो, तर दोन सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या खासगी संबंधांत विश्वासघात कोणाचा, हे सरकारला दाखवता आले पाहिजे. शिवाय ज्या संबंधांना सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक मानले ते छावणीच्या फाटकातून आत येताच ‘अनैसर्गिक’ कसे होतात, याचेही उत्तर द्यावे लागेल. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये समलैंगिक संबंधांवरून काढून टाकलेल्या एका होमगार्डला नवतेज जोहर निकालाच्याच आधारे पुन्हा सेवेत घेण्याचा आदेश दिला होता. होमगार्डला लष्कराचा कायदा लागू नाही हे खरे, पण गणवेश आणि शिस्त तेथेही आहेच.

आपण विद्यार्थी आहात म्हणून एका गुंत्याकडे लक्ष वेधतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ ची जागा घेणारी तरतूदच नाही. पूर्वी पुरुषाने पुरुषावर केलेल्या लैंगिक जबरदस्तीचा गुन्हा याच कलमाखाली नोंदवला जाई. आता तो आधार गेल्याने छावणीत एखाद्या कनिष्ठ जवानावर वरिष्ठाने जबरदस्ती केली, तर लैंगिक गुन्हा म्हणून हाताशी राहते ते मुख्यतः लष्कराच्या कायद्यातील हेच जुने कलम ४६. त्यामुळे ते नुसते खोडून भागणार नाही. ‘अनैसर्गिक’ हा शब्द काढून त्या जागी जबरदस्ती, अधिकाराचा दबाव आणि संमतीचा अभाव यांची नेमकी व्याख्या करणारे कलम यायला हवे, आणि ते पीडित स्त्री असो वा पुरुष, सारखेच लागू व्हायला हवे.

प्रश्न : समलिंगी अधिकाऱ्याला शत्रूचे हेर सहज ब्लॅकमेल करू शकतील. हा धोका देशाने का पत्करावा? (एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : ब्लॅकमेल करायला एक गुपित लागते आणि ते फुटल्यास होणारी शिक्षा लागते. आपण वर्णन केलेल्या धोक्यात शिक्षेचा भाग सरकार स्वतःच पुरवत असते. पश्चिम जर्मनीत हे फार वरच्या पातळीवर घडले. जनरल ग्युंटर कीसलिंग हे चार तारे धारण करणारे अधिकारी नाटोच्या युरोपातील उपसेनापतिपदी होते. कोलोनमधील समलिंगी पुरुषांच्या मद्यालयांत ते दिसल्याची कुजबुज लष्करी गुप्तवार्ता विभागाने उचलली, आणि संरक्षणमंत्री मानफ्रेड व्योर्नर यांनी १९८३ च्या अखेरीस त्यांना सुरक्षेला धोका म्हणून घरी बसवले. पुढे माणूस ओळखण्यातच गफलत झाल्याचे उघड झाले. फेब्रुवारी १९८४ मध्ये त्यांना पुन्हा पदावर घ्यावे लागले आणि मार्चमध्ये पूर्ण सन्मानाने निरोप द्यावा लागला. आपण समलिंगी नसल्याचे कीसलिंग सुरुवातीपासून सांगत होते. एका अफवेने नाटोचा सेनानी पाडता येतो, हे शत्रूला दाखवून देण्याचे काम त्या नियमाने केले. जर्मनीने समलिंगी सैनिकांवरील अन्यायाबद्दल २०२० मध्ये अधिकृतपणे माफी मागितली.

अमेरिकेत तर गंमतच होती. अध्यक्ष क्लिंटन यांच्या १९९५ च्या आदेशानुसार केवळ लैंगिक कलामुळे कोणालाही गोपनीय माहिती हाताळण्याची परवानगी नाकारता येत नव्हती, आणि त्याच सरकारचे सैन्य त्याच कारणासाठी माणसे काढत होते. आपल्याकडील हेरगिरीच्या प्रकरणांत ‘हनी ट्रॅप’ हा शब्द वारंवार वाचायला मिळतो आणि त्यांत पुरुषांना बहुधा स्त्रीच्या नावाने उघडलेल्या खात्यावरून गळाला लावलेले असते. म्हणून स्त्रियांचे आकर्षण असलेल्या पुरुषांची भरती थांबवावी अशी सूचना अद्याप कोणी केलेली नाही.

प्रश्न : उघडपणे समलिंगी असलेली व्यक्ती जगात कुठे सेनापती झाली आहे का? भारतात कोणी बोलले आहे का? (एक वाचक, खारघर)

उत्तर : झाली आहे. टॅमी स्मिथ या ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकी लष्करात ब्रिगेडियर जनरल झाल्या, तेव्हा त्यांच्या खांद्यावर तारा त्यांच्या पत्नीने लावला. त्या १९८६ पासून सेवेत होत्या, म्हणजे त्यांची पहिली पंचवीस वर्षे लपण्यात गेली. एरिक फॅनिंग २०१६ मध्ये त्या देशाच्या लष्कर खात्याचे सचिव झाले. हे पद मुलकी असले तरी संपूर्ण लष्कर त्याच्या अधिकाराखाली येते. इस्रायलमध्ये लष्करी विधी विभागाचे प्रमुख शारोन आफेक यांनी पदावर असताना आपण समलिंगी असल्याचे सांगितले आणि त्यानंतर त्यांना मेजर जनरलपदी बढती मिळाली.

भारतात मेजर जे. सुरेश यांनी लष्कर सोडल्यानंतर २०२० मध्ये आपली कहाणी जाहीरपणे सांगितली. तिच्यावर आधारित चित्रपटाची संहिता एका दिग्दर्शकाने नियमानुसार संरक्षण मंत्रालयाकडे पाठवली, तेव्हा तिला परवानगी नाकारण्यात आली. काश्मीरमध्ये तैनात असलेला सैनिक आणि स्थानिक तरुण यांच्यातील प्रेमसंबंध दाखवल्याने लष्कराची प्रतिमा मलिन होते आणि सुरक्षेचे प्रश्न निर्माण होतात, असे कारण २०२२ मध्ये संसदेत दिले गेले. पडद्यावरच्या समलिंगी मेजरलाही जेथे ना-हरकत प्रमाणपत्र मिळत नाही, तेथे सेवेतला मेजर बोलेल अशी अपेक्षा करणे कठीणच आहे.

प्रश्न : हेच नियम तृतीयपंथी व्यक्तींनाही लागू आहेत का? (एक वाचक, कळवा)

उत्तर : हा प्रश्न वेगळा आहे, कारण येथे लैंगिक कलाचा नव्हे तर लिंगओळखीचा संबंध येतो, आणि भरतीची सारी व्यवस्था स्त्री व पुरुष या दोन रकान्यांवर उभी आहे. नौदलातील साबी गिरी यांना लिंगबदल शस्त्रक्रियेनंतर २०१७ मध्ये सेवामुक्त करण्यात आले. त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याने नोकरीतील भेदभावाला मनाई केली आहे, तरी सैन्यदलांनी आपली दारे उघडलेली नाहीत. अमेरिकेतही याबाबतचे धोरण सरकारागणिक उलटसुलट होत आले असून २०२५ मध्ये तेथे पुन्हा बंदी लागू झाली. समलिंगी सैनिकांचा हक्क मात्र त्या फेऱ्यात अबाधित राहिला.

प्रश्न : मी खासगी कंपनीत आहे, माझा जोडीदार सैन्यात आहे. त्याच्या घरी मला मित्र म्हणून ओळखतात. आम्ही दोघांनी मिळून घर घेतले आहे, पण करारनामा त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. त्याला काही झाले तर मला कळवणार कोण, आणि घराचे काय होईल? (नाव व ठिकाण देऊ नये, नवी मुंबई)

उत्तर : १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, त्यामुळे कुटुंब निवृत्तिवेतन, माजी सैनिकांची आरोग्य योजना, कॅन्टीन कार्ड किंवा विवाहितांचे क्वार्टर यांपैकी काहीही आपल्याला जोडीदार म्हणून मिळू शकत नाही. सैन्य कळवते ते अभिलेखात नोंदलेल्या नातेवाइकाला. म्हणून त्याच्या कुटुंबातील निदान एका व्यक्तीला, बहीण असेल तर बहिणीला, विश्वासात घ्यावे, किंवा त्याच्या तुकडीतील एखाद्या खात्रीच्या मित्राकडे आपला दूरध्वनी क्रमांक असावा.

घराची बाब अधिक तातडीची आहे. आजच्या स्थितीत तो अविवाहित आणि हिंदू असल्यास त्याची मालमत्ता प्रथम त्याच्या आईकडे जाईल, आणि आपण हप्ते भरल्याचा पुरावा घेऊन दिवाणी न्यायालयात उभे राहाल. गृहनिर्माण संस्थेत किंवा बँकेत आपले नाव नामनिर्देशित म्हणून लावणे उपयोगाचे आहे, पण त्याने मालकी मिळत नाही. नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने मालमत्ता ताब्यात ठेवते, एवढेच. विम्याचेही असेच आहे : २०१५ च्या दुरुस्तीनंतर रक्कम स्वतःची म्हणून मिळण्याचा लाभ आईवडील, पती-पत्नी आणि मुले यांनाच आहे. बँकेत संयुक्त खाते उघडण्यास मात्र अडसर नाही, आणि अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये तसे स्पष्टही केले आहे.

त्यामुळे शक्य असल्यास घरात आपला हिस्सा नोंदणीकृत दस्ताने आताच घ्यावा. नवी मुंबईत जमीन बहुधा सिडकोच्या भाडेपट्ट्यावर असते, तेव्हा हस्तांतरणासाठी सिडकोची परवानगी आणि शुल्क लागेल का हे आधी पाहावे. ते जमेपर्यंत दोघांनीही मृत्युपत्र करावे. महाराष्ट्रात मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, परंतु आपल्या बाबतीत ती करून घेणेच शहाणपणाचे ठरेल, कारण आव्हान मिळण्याचा संभव आहे. दोन साक्षीदार लागतात. त्यांना मृत्युपत्रातून काहीही मिळणारे नसावे, आणि त्यांपैकी एक डॉक्टर असल्यास उत्तम. आपले नाते कागदावर येईल अशी भीती आपण पत्रात व्यक्त केली आहे, पण मृत्युपत्रात ज्याला मालमत्ता द्यायची त्याच्याशी असलेले नाते लिहिणे कायद्याने बंधनकारक नाही. पूर्ण नाव, पत्ता आणि ओळख पटेल एवढा तपशील पुरेसा असतो.